गालिब आवडतो ना, मग असा वाच

अगं, तुझा मेसेज वाचला. एवढा मोठा आणि एवढ्या तळमळीने लिहिलेला, की त्याला दोन ओळींचा रिप्लाय द्यायला मन होईना, म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलं. कॉलेजच्या कार्यक्रमात तू गालिबचा म्हणून एक शेर म्हटलास, मागून कुणीतरी ‘हा गालिबचा नाहीच’ म्हणून ओरडलं, हशा झाला, आणि आता तू म्हणतेस की मावशी, मला उर्दू येत नाही, ती लिपी येत नाही, घरात कुणी वाचणारं नाही, मी कशाला या माणसाच्या वाटेला जाऊ.

जा. अजिबात मागे फिरू नकोस. आग्र्यात १७९७ साली जन्मलेला, दिल्लीत १८६९ साली गेलेला माणूस, आणि नांदेडच्या होस्टेलवर एक मुलगी रात्री एक वाजता त्याच्या एका ओळीवर अडून बसते, ही काय साधी गोष्ट आहे का? अशी ओढ कुणी शिकवून लागत नाही. लागली आहे तर ती चार जण हसले म्हणून टाकून देऊ नकोस, उलट आता तिला जरा शिस्त लाव.

आधी त्या शेराचं बघू. ‘उम्र भर गालिब यही भूल करता रहा, धूल चेहरे पे थी और आईना साफ करता रहा’. हा गालिबचा नाही हे खरंच आहे. पण त्यात शरमेने मान खाली घालण्यासारखं काही नाही, २०१९ मध्ये अगदी राज्यसभेत सुद्धा तो गालिबच्या नावावर म्हटला गेला होता, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज कुणा ना कुणाच्या स्टेटसला असतोच. ज्याने ओरडून सांगितलं त्याचं म्हणणं बरोबर होतं, फक्त चारचौघांत एखाद्याला असं पाडायचं नसतं. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. हा शेर त्याचा नाही हे तुला तुझं तुलाच ओळखता आलं असतं, उर्दूचा एकही क्लास न करता. तू मराठी गझल लिहायला लागली आहेस ना? मग लगावली, म्हणजे लघु-गुरूंची मांडणी, लावून बघ की.

‘हजारों ख्वाहिशें ऐसी कि हर ख्वाहिश पे दम निकले’ ही ओळ घे. ह-जा-रों-ख्वा, हि-शें-ऐ-सी, कि-हर-ख्वा-हिश, पे-दम-निक-ले. लघुला ल आणि गुरूला गा म्हटलं तर लगागागा चार वेळा, म्हणजे आपलं वियद्गंगा वृत्त. त्याच्या दीवानातली, म्हणजे कवितासंग्रहातली, पहिलीच गझल, ‘नक्श फरियादी है किसकी शोखी-ए-तहरीर का’, ती देवप्रियात बसते, गालगागा तीनदा आणि शेवटी गालगा. (उर्दूत ‘है’, ‘की’, ‘से’ असली अक्षरं गरज पडली की लघु धरतात, ती सवलत देऊन मोज, नाहीतर सगळंच चुकल्यासारखं वाटेल.) आता तो धूळ आणि आरशाचा शेर मोज. दोन ओळींची लांबीच जुळत नाही, दुसरी ओळ पहिलीच्या पुढे खूप लांब निघून जाते. आणि ‘करता रहा’ ही रदीफ, म्हणजे शेवटी तसेच परत येणारे शब्द, धरली तर तिच्या आधी काफिया, म्हणजे यमक, पाहिजे, ‘भूल’ आणि ‘साफ’ हा काफिया कुठल्या हिशोबाने होणार? गालिब अवघड लिहील, तिरकं लिहील, पण बेवृत्त लिहिणार नाही. माधव जूलियनांनी फारसी वृत्तांची मराठी कानाला ओळख करून दिली, सुरेश भटांनी गझलेची बाराखडी लिहून ती आपल्यासारख्यांच्या हातात ठेवली, म्हणजे गालिबकडे जायच्या रस्त्याचा बराचसा भाग तुझ्याच भाषेतून जातो, तो तू चालून आली आहेस आणि तुला त्याचा पत्ताच नाही.

वृत्तात बसला म्हणजे गालिबचाच असंही नाही हं, म्हणून दुसरी पायरी म्हणजे दीवान उघडून बघायचं. त्याचा उर्दू दीवान काही महाभारत नाही, सव्वादोनशेच्या आसपास गझला, साधारण अठराशे शेर, पिशवीत मावणारं पुस्तक. पहिल्यांदा १८४१ मध्ये छापून आलं आणि त्याच्या हयातीतच त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. आणि दीवान लहान का, तर त्याने स्वतःच निवडून निवडून लहान केला. पोरवयात तो बेदिल या फारसी कवीच्या वळणाचं फारच गुंतागुंतीचं लिहायचा, त्यातलं ढीगभर त्याने पुढे बाजूला काढलं. १८२१ सालचं एक हस्तलिखित नंतर भोपाळला सापडलं आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९२१ मध्ये छापलं गेलं, त्यात त्याने गाळलेले कितीतरी शेर आहेत. म्हणजे ते हस्तलिखित तयार झालं तेव्हा तो तेवीस-चोवीस वर्षांचा होता, तुझ्याहून फार मोठा नाही. तू स्वतः लिहितेस म्हणून हे मुद्दाम सांगतेय. आपलंच आवडतं लिखाण इतक्या निर्दयपणे गाळायला फार मोठं काळीज लागतं.

लिपीचं म्हणशील तर शीक, अवघड नाही, रोज थोडा वेळ दिलास तर काही महिन्यांत अडखळत का होईना वाचायला लागशील. पण लिपी आल्यावरच गालिब वाचेन असं मात्र ठरवू नकोस, कारण मग ते राहूनच जातं. अली सरदार जाफरींनी १९५८ मध्ये आपल्या मुंबईतूनच दीवान काढला होता, एका पानावर उर्दू लिपी आणि समोरच्या पानावर देवनागरी, आणि तो अशाच लोकांसाठी काढला होता ज्यांचा कान तयार आहे पण डोळा नाही. आता तर रेख्ताच्या साइटवर शब्दावर बोट टेकवलं की अर्थ येतो. आणि तू नांदेडला आहेस, मराठवाड्यात, तुला उर्दूवाले शोधायला लखनौला जायचं काय कारण? गालिबचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी औरंगाबादेत वली आणि सिराज हे शायर उर्दूत लिहून गेले. तुझ्या वर्गात उर्दू मीडियममधून आलेल्या मुली असतीलच, त्यांच्यापैकी एकीला म्हण की ही गझल मला मोठ्याने वाचून दाखव. तिला गालिब माहीत असेल नसेल, पण ‘गम’ आणि ‘गर्क’ मधला ग तिच्या गळ्यातून कसा येतो ते ऐक. चहा तुझ्याकडून.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहितेय. तू पाठवलेल्या यादीत गालिबचे वीसेक शेर आहेत, सगळे सुटे सुटे. एक इथला, एक तिथला. ते सुंदर आहेत यात वादच नाही, पण हे असं पाकळ्या तोडून वहीत ठेवण्यासारखं झालं, झाड तू अजून बघितलंच नाहीस. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो हे मलाही ठाऊक आहे, तरी एकाच रदीफेवर, एकाच काफियावर, एकाच चालीवर तो माणूस पुन्हा पुन्हा परत येतो आणि दर वेळी वेगळ्या दाराने आत शिरतो, ती मजा सुट्या शेरात कधीच हाती लागत नाही. म्हणून महिनाभर एकच गझल घे. मी सांगते कुठली ते, ‘ये न थी हमारी किस्मत’.

ही तू ऐकलेली असणार, १९५४ च्या सिनेमात सुरैया गायली आहे, बेगम अख्तरांची आहे, चित्रा सिंग यांची आहे. पण गाणारे चार-पाच शेर घेतात, मूळ गझल अकरा शेरांची आहे. सगळी गझल ‘होता’ वर उभी आहे, म्हणजे असं असतं तर, तसं झालं असतं तर. अकराच्या अकरा वेळा एक न घडलेली गोष्ट. मतल्यात, म्हणजे पहिल्याच शेरात, तो सांगून टाकतो की भेट नशिबातच नव्हती, अजून जगलो असतो तरी हीच वाट बघणं चाललं असतं. संपली की गोष्ट, नाही का? आणि तरी अजून दहा शेर पुढे आहेत!

दुसरा शेर बघ, ‘तिरे वादे पर जिए हम तो ये जान झूट जाना, कि खुशी से मर न जाते अगर एतिबार होता’. तू भेटायचं वचन दिलंस आणि मी त्या वचनावर जगलो असं तुला वाटतं? खोटं समज ते, कारण त्या वचनावर माझा खरंच विश्वास बसला असता तर मी आनंदानेच मेलो नसतो का? मी जिवंत आहे हाच पुरावा की माझा विश्वास बसलेला नाही. बघ कसं उलटवलंय. नेहमीचा आशिक म्हणतो तुझ्या शब्दावर जगलो, हा म्हणतो जगलो म्हणजेच शब्द खरा मानला नव्हता. रडारड नाही, वकिली युक्तिवाद आहे, आणि तरी काळजात जातो. गालिबचं डोकं असं चालतं. त्याच्याकडे भावना युक्तिवादातून येते, आणि हे एकदा लक्षात आलं की खोटे शेर आपोआप वेगळे दिसायला लागतात, कारण त्यांत नुसती भावना असते, पेच नसतो.

मग तो बाणाचा शेर. ‘कोई मेरे दिल से पूछे तिरे तीर-ए-नीमकश को, ये खलिश कहां से होती जो जिगर के पार होता’. नीमकश म्हणजे अर्धाच ताणलेला. डोळ्यासमोर आण, मारणाऱ्याने धनुष्य पूर्ण ओढलंच नाही, अर्धवट ओढून सोडून दिलं, आळसाने म्हण, बेफिकिरीने म्हण, नाहीतर अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी टाकलेला कटाक्ष म्हण. बाणाला जोर कमी पडला आणि तो आरपार न जाता आत रुतून बसला. आता ही जी कायमची सल आहे ती त्या अर्धवटपणाची आहे. आरपार गेला असता तर सगळं संपलं असतं, ही टोचणी कुठून राहिली असती? आणि तो तक्रार करतोय का? मला नाही वाटत. ‘कुणीतरी माझ्या मनाला विचारा’ असं म्हणतोय, म्हणजे या अर्धवट बाणाची किंमत मलाच माहीत आहे. मी हा शेर पहिल्यांदा वाचला तेव्हा तक्रार म्हणूनच वाचला होता, आता तो मला कौतुकाचा वाटतो. तुला काय वाटतं ते लिही मला. टीकाकारांचं आत्ता वाचू नकोस, आधी तुझं ठरू दे.

आणि हा एक, जो गाणारे सहसा सोडून देतात, ‘गम अगरचे जां-गुसिल है प कहां बचें कि दिल है, गम-ए-इश्क गर न होता गम-ए-रोजगार होता’. दुःख जीव घेतं हे खरं, पण सुटका कशी होणार, मन आहे ना आपल्याला. प्रेमाचं दुःख नसतं तर पोटापाण्याचं असतं. हा शेर तू नुसता वाचलास तर सुभाषितासारखा वाटेल. पण आता त्याचं आयुष्य शेजारी ठेव. वडील लढाईत गेले तेव्हा हा पाच वर्षांच्या आसपास, मग ज्यांनी सांभाळलं ते काका पण १८०६ मध्ये गेले. काकांच्या नावाने जे पेन्शन मिळायचं त्यातला याचा वाटा महिन्याला बासष्ट रुपये आठ आणे. आपल्यावर अन्याय झालाय, ठरलेली रक्कम मिळतच नाही, म्हणून हा माणूस दिल्लीहून निघाला तो लखनौ, बांदा, बनारस करत १८२८ मध्ये कलकत्त्याला पोचला, कंपनी सरकारकडे दाद मागायला. रेल्वे नव्हती तेव्हाची ही गोष्ट. वर्षानुवर्षं अर्ज, वकील, साहेबांच्या भेटी, कर्ज, आणि शेवटी निकाल विरुद्ध. आता परत वाच, गम-ए-रोजगार. हवेतला शब्द राहत नाही ना मग?

(त्याच वाटेवर बनारसला तो थांबला, आणि त्या शहराच्या इतका प्रेमात पडला की त्याच्यावर फारसीत आख्खी मसनवी, म्हणजे दीर्घ कविता, लिहिली, ‘चिराग-ए-दैर’, म्हणजे देवळातला दिवा. काशीवर असं प्रेमाने लिहिणारा मुसलमान कवी, हे मला फार लोभस वाटतं. भाषांतर मिळालं तर जरूर वाच.)

‘ये न थी हमारी किस्मत’चा शेवटचा शेर तर तुला पाठ आहेच, गालिब, तू दारूडा नसतास तर आम्ही तुला वली, म्हणजे संत, समजलो असतो, असं सांगणारा. त्याची एक गोष्ट त्याचा शिष्य हाली याने लिहून ठेवली आहे. बहादूरशहा जफरने तो शेर ऐकला आणि म्हणाला, भई, आम्ही तर तरीही तुम्हाला वली समजलो नसतो. गालिब म्हणाला, हुजूर तर आत्ताही तसंच समजतात, पण माझ्या या वलीपणाचा मला गर्व होऊ नये म्हणून असं बोलताहेत. हालीने लिहिलेलं चरित्र १८९७ मध्ये आलं, गालिबच्या बहुतेक गमतीजमती आपल्यापर्यंत त्याच्यामुळे पोचल्या. पण तू एवढ्या गमतींवरच थांबू नकोस. आंबे, दारू, उधारी, हजरजबाबीपणा, एवढंच घेऊन बसलं की माणूस मागे पडतो आणि फक्त किस्से उरतात.

माणूस भेटतो तो पत्रांत. खरंच सांगते, गझलांइतकीच मला त्याची पत्रं प्रिय आहेत, कदाचित थोडी जास्तच. त्या काळी पत्र म्हणजे लांबलचक बिरुदं, अलंकारिक मायना, मग कुठेतरी मुद्दा. याने ते सगळं फेकून दिलं आणि बोलतो तसं लिहायला सुरुवात केली. स्वतःच एका पत्रात म्हणतो की मी पत्राचा संवाद करून टाकलाय, हजार कोसांवरून लेखणीच्या जिभेने बोला आणि विरहात भेटीची मजा घ्या. ‘ऊद-ए-हिंदी’ १८६८ मध्ये आलं आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ १८६९ मध्ये, या दोन संग्रहांत ही पत्रं आहेत, आणि देवनागरीत पण मिळतात. सगळ्यात जास्त पत्रं कुणाला, तर मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना. हा त्याचा शिष्य, उत्तरेतल्या, दिल्लीजवळच्या सिकंदराबादचा, गालिब त्याला लाडाने मिर्झा तफ्ता म्हणायचा. शेर दुरुस्त करून पाठवतोय, रागावतोय, समजूत घालतोय, पैशाची काळजी सांगतोय, सगळं त्याच कागदावर.

एक पत्र आहे पावसाचं. घर पडायला आलंय, छताची चाळण झालीय, आणि तो लिहितो की ढग दोन तास बरसले तर छत चार तास बरसतं. मरणाची भीती नाही म्हणतो, पण हा जो आराम नाहीसा झालाय त्याने मी घाबरून गेलोय. पावसाळ्यात गळक्या घरात राहिलेल्या कुणालाही हे वाचून काय वाटेल सांग. मोठा शायर वगैरे बाजूला राहतो, भांडी कुठे कुठे ठेवायची या विवंचनेतला म्हातारा माणूस दिसतो.

आणि १८५७ नंतरची पत्रं. ती मात्र एका बैठकीत वाचू नकोस, सोसवत नाहीत. त्याचा भाऊ त्याच धामधुमीत गेला, पेन्शन बंद झालं ते १८६० मध्ये परत सुरू झालं, ओळखीची घरंच्या घरं उठली. त्याचा शिष्य मीर मेहदी मजरूह, त्या बिचाऱ्याने दिल्लीची खबरबात विचारली असेल, तर हा लिहितो, दिल्ली म्हणजे काय होतं? किल्ला, चांदणी चौक, जामा मशिदीपाशी रोजची गर्दी, दर आठवड्याला जमुनेच्या पुलावरचा फेरफटका, आणि दर वर्षी फुलवाल्यांचा मेळा. या पाचही गोष्टी आता नाहीत, मग सांग, दिल्ली कुठे राहिली? मला यात सगळ्यात काय लागतं माहितेय, की तो तख्त किंवा बादशहा मोजत नाही, गर्दी मोजतो, फेरफटका मोजतो, जत्रा मोजतो. शहर कशाने शहर असतं हे त्याला बरोबर कळलं होतं. आणि दुसरीकडे लिहितो की इतके दोस्त गेले की आता मी मेलो तर माझ्यासाठी रडणारं पण कुणी उरलं नाही.

मुलं सात झाली, एकही जगलं नाही. बायकोच्या भाच्याला, आरिफला, मुलासारखं मानलं, तो स्वतः चांगला शायर होता, तो ऐन तरुणपणी १८५२ मध्ये गेला. त्याच्यावरची गझल आहे, ‘लाजिम था कि देखो मिरा रस्ता कोई दिन और, तनहा गए क्यूं अब रहो तनहा कोई दिन और’. माझी वाट बघायची होतीस अजून काही दिवस, एकटाच का गेलास, आता राहा एकटा अजून काही दिवस. मेलेल्या मुलावर बाप रागावतोय. इथे ना मला युक्तिवाद दिसत, ना पेच, एवढं सरळ त्याने फार कमी वेळा लिहिलंय. आरिफच्या दोन्ही मुलांना मग या म्हाताऱ्यानेच वाढवलं.

आता थोडं कडू. तू लिहिलंस की गालिबवर टीका ऐकली की तुला राग येतो. समजू शकते, पण आवडत्या माणसाच्या न आवडणाऱ्या गोष्टी माहीत असायलाच हव्यात. जुगाराच्या गुन्ह्यात १८४७ मध्ये त्याला अटक झाली, तुरुंगात गेला, सहा महिन्यांची शिक्षा होती, तीन महिन्यांनी सुटला. त्या दिवसांत बऱ्याच जणांनी पाठ फिरवली, नवाब शेफ्तांसारखा एखादाच दोस्त उभा राहिला. त्याला आपल्या खानदानाचा अभिमान होता, कधी कधी जरा जास्तच. इंग्रज साहेबांवर कसीदे, म्हणजे स्तुतिकाव्यं, लिहिले, व्हिक्टोरिया राणीवर लिहिला. बंडाच्या दिवसांची त्याची फारसी डायरी ‘दस्तंबू’ १८५८ मध्ये छापली गेली, ती वाचताना पानोपानी जाणवतं की हा माणूस इंग्रजांच्या नजरेत निर्दोष ठरायची धडपड करतोय, आणि तोच माणूस त्याच वर्षांत खाजगी पत्रांत त्या शहरासाठी जीव तोडून रडतोय. काही लोक एक अर्धं दाखवून त्याला संधिसाधू म्हणतात, काही दुसरं अर्धं दाखवून देशभक्त करतात. मला दोन्ही पटत नाही. साठीचा, कर्जबाजारी, पेन्शन गेलेला, आजूबाजूला फासावर जाणारी माणसं बघणारा एक कवी, त्याने जगायला जे करावं लागलं ते केलं, आणि जे वाटत होतं ते दोस्तांना लिहिलं. तू दोन्ही वाच आणि तुझं मत बनव, पण अर्धंच वाचून भांडायला जाऊ नकोस.

आणि हे पण माहीत असू दे की त्याला स्वतःला आपली फारसी कविताच खरी वाटायची. एका फारसी शेरात तो सांगतो की माझी फारसी बघ, म्हणजे रंगारंगाची चित्रं दिसतील, आणि उर्दूचा तो संग्रह सोडून दे, त्यात माझा रंग नाही. दीडशेहून जास्त वर्षं झाली, लोकांनी त्याचं हे म्हणणं काही ऐकलेलं नाही.

तू रील बनवायचं विचारतेस, गालिबचे शेर घेऊन. बनव की! मी काही नाक मुरडणार नाही, माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना गालिब मिळाला तो १९८८ मध्ये दूरदर्शनवर, नसीरुद्दीन शाहच्या चेहऱ्याने आणि जगजीत सिंगच्या आवाजाने, तेव्हा पुस्तक कुणी उघडलं होतं? मग दार कुठलं का असेना. फक्त दोन गोष्टी पाळ. शेर दीवानात बघितल्याशिवाय त्याच्या नावावर टाकायचा नाही, म्हणजे नाही, कितीही लाइक्स मिळणार असले तरी. आणि शेर टाकलास की तो कुठल्या गझलेतला ते सांग, म्हणजे ज्याला पुढे जायचंय त्याला जाता येईल. मागे पावसाचा आवाज, मेणबत्ती, दारूचा पेला, हे टाळता आलं तर बघ, त्याला त्याची गरज नाही. त्याऐवजी त्या बाणाच्या शेरावर तुला काय वाटतं ते मराठीत सांग, आपल्या साध्या मराठीत, नांदेडच्या. ते मला बघायला आवडेल.

आणि कधीतरी दिल्लीला जाऊन ये. बल्लीमारानात गली कासिम जानमध्ये तो राहायचा त्या हवेलीचा थोडासा भाग आता स्मारक म्हणून ठेवलाय, आजूबाजूला चष्म्यांची दुकानं, प्रचंड गर्दी, फार अपेक्षा ठेवून जाऊ नकोस, पण गल्लीत शिरून बघच. मजार निजामुद्दीनला आहे, चौसष्ठ खंब्याला लागून, शेजारीच गालिब अकादमी. आपल्याकडून जाणाऱ्या कितीतरी गाड्या हजरत निजामुद्दीन स्टेशनलाच संपतात, मिरज-पुण्याहून जाणारी गोवा एक्सप्रेस सुद्धा, आणि तिथून मजार अगदी जवळ आहे, तरी बहुतेक लोक सामान घेऊन सरळ हॉटेलच्या रिक्षात बसतात. तू आधी तिकडे जा.

तोवर ते अकरा शेर. रोज एकदा मोठ्याने, अर्थ लागो न लागो. दिवाळीत घरी येशील तेव्हा माझ्याकडचा दीवान घेऊन जा, समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, तुझ्या खुणा पेनने कर म्हणजे कुणाचं काय ते कळेल. आणि गालिब अंगवळणी पडला की मीरकडे, त्याच्या आधीच्या थोर शायराकडे, वळायचंय, कारण गालिबने स्वतःच सांगून ठेवलंय की रेख्त्याचा, म्हणजे उर्दू कवितेचा, उस्ताद तू एकटाच नाहीस गालिब, म्हणतात मागच्या जमान्यात कुणी मीर पण होता.

बाणाच्या शेराबद्दल तुझं उत्तर आधी पाठव.

तुझी,
मावशी